उलट्या खुर्चीची पाठराखण

मी एक खुर्ची बोलतेय. पाय वर आणि डोकं खाली अशा अवस्थेत बोलतेय, तेव्हा बोलणं थोडं उलटसुलट झालं तर सांभाळून घ्या.

माझ्या जन्माची कथा काही फार थोर नाही. मी मूळची काकूंच्या घरची. काकूंनी संसार मांडला तेव्हा सहा खुर्च्या करवून घेतल्या. सुताराने पाच मन लावून केल्या आणि उरल्यासुरल्या लाकडात मला उरकलं. माझा एक पाय बोटभर आखूड राहिला. "वापरून वापरून बसेल बरोबर," असं म्हणून तो गेला तो गेलाच. पंचवीस वर्षं झाली. पाय काही बसला नाही, बसणारे मात्र दचकून उठत राहिले.

पाहुणे आले की काकू माझ्या पाच बहिणींना पुढे करायच्या. मी आपली कोपऱ्यात, पायाखाली पुठ्ठ्याची घडी घेऊन. खुर्चीसाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात म्हणे! माझ्यासाठी कुणी साधा आवाजही चढवला नव्हता.

अपवाद एकच, शेजारचे आजोबा. रोज सकाळी पेपर वाचायला काकूंकडे यायचे आणि पाच धडधाकट खुर्च्या सोडून मलाच ओढायचे. बसण्याआधी माझ्या पाठीवर दोन टिचक्या मारायचे आणि म्हणायचे, "पाडशील बरं एक दिवस!" मी कधी पाडलं नाही. पण कुरकुरायची अशी, की सगळं घर हसायचं.

मग आजोबांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, गिळणंही गेलं. नाकातून पोटात नळी घातली आणि त्यातून पातळ अन्न द्यायचं ठरलं. सून मनापासून सगळं करायची, पण आजारी माणूस म्हणजे आडवाच, असं तिला वाटलेलं. आडवं ठेवूनच भरवलं. एक दिवस अन्न उलटं वर आलं आणि श्वासाबरोबर छातीत उतरलं. न्यूमोनिया झाला. पंधरा दिवस दवाखान्यात काढून आजोबा अर्धे होऊन घरी आले.

घरी येणाऱ्या सिस्टरने सुनेला समोर बसवून सांगितलं, "पुन्हा असं झालं तर त्यांना झेपणार नाही. भरवताना आणि नंतर तासभर पाठ कंबरेपासून उचललेली पाहिजे. नुसत्या डोक्याखाली उशा रचू नका, मान वाकते आणि पोट दबतं. कूस बदलणं, चादर बदलणं, सगळं भरवायच्या आधी उरका. नळीवर ही पेनची खूण केली आहे, ती नाकापाशीच आहे ना, हे बघूनच सुरू करायचं. आणि घाई नको, सावकाश."

हे सगळं सुरू असताना काकू तिथे नसत्या तरच नवल. कुठे काय चाललंय हे काकूंच्या नाकाला आधी कळतं.

"पाठ तिरकी हवी ना? थांबा!" म्हणत त्या घरी धावल्या, मला उचललं आणि आजोबांच्या पलंगावर उशाच्या बाजूला पालथी घातली.

"काकू, खुर्ची उलटी ठेवलीत," आजोबांचा मुलगा म्हणाला.

"उलटीच ठेवायची असते! माझ्या सासूबाईंना दोन वर्षं अशीच टेकवलीये. तू कापडी पट्टी आण, बांधून टाकू."

माझी पाठ गादीवर उतरती टेकली, पाय मागे हवेत गेले. वर घोंगडी आली, उशी आली. सिस्टरने हाताने दाबून पाहिलं. "चालेल. छान चालेल."

जन्मभर ज्या आखूड पायापायी टोमणे खाल्ले, तो आता हवेत! मी पहिल्यांदा डगमगले नाही. आजोबा टेकले, आणि मी फुशारले. फुशारकी मला पचत नाही, हे तेव्हा कळायला हवं होतं.

महिनाभराने एका दुपारी काकू घाईघाईने आल्या. "अगं, यांच्या ऑफिसचे साहेब आलेत, घरच्यांना घेऊन. सहा जण! खुर्च्या पाच. अर्धाच तास दे ना ही."

सुनेच्या हातात अजून भरवायची सिरिंज होती. "आत्ताच भरवलंय हो काकू..."

"मग तर बरंच! पोट भरलंय, झोपतील शांत."

खुर्ची काकूंची. नाही कसं म्हणायचं? सुनेने डोक्याखाली दोन उशा घातल्या. आणि मी? एरवी कारण नसताना कुरकुरणारी मी गप्प राहिले. खरं सांगते, मला आनंद झाला होता. दिवाणखान्यात, चार माणसांत, पायावर उभं राहायला मिळणार होतं!

साहेब नेमके माझ्यावरच बसले. वजनदार माणूस. मी मिरवतेय, तोच भिंतीपलीकडून खोकला आला. मग दुसरा, घशात पाणी अडकल्यासारखा. काकूंच्या हातातला ट्रे थबकला.

"साहेब, उठा!"

"काय झालं?"

"आधी उठा हो! खुर्ची पाहिजे!"

साहेब उठले ते उठलेच, मला उचलून निघालेल्या काकूंमागे धावतही आले. तिकडे आजोबा उशांवरून घसरून सपाट झाले होते. ओठांच्या कडेला पांढरं आलं होतं. सुनेने त्यांना कुशीवर वळवून धरलं होतं. "बाबा, खोका! खोका ना!" ती तोंड पुसत होती आणि रडत होती. साहेबांनी दोन्ही खांद्यांना धरून आजोबांना उचललं, काकूंनी मला सरकवलं. हळूहळू श्वास ताळ्यावर आला.

सिस्टर आली. नळीची खूण पाहिली, छाती ऐकली. "आत काही गेलंय का, आत्ता सांगता येत नाही. दोन दिवस ताप आणि श्वास बघा. जरा वेगळं वाटलं तर थांबू नका, दवाखान्यात न्या."

ते दोन दिवस! काकू तासातासाला यायच्या, थर्मामीटर बघायच्या आणि एक शब्द न बोलता जायच्या. काकू गप्प, याचीच मला जास्त भीती वाटली. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, "छाती मोकळी आहे." काकूंनी सुनेचा हात धरला.

"माझीच अक्कल शेण खायला गेली होती."

"मीच नाही म्हणायला हवं होतं, काकू."

"तू कशी म्हणशील? मी म्हणू देते का कुणाला?"

मग त्यांनी खडू मागवला आणि माझ्या बुडावर, जे आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हलवू नये. काकूंनाही देऊ नये.'

तेव्हापासून मी इथेच आहे. काकूंकडे सहावा पाहुणा आला की काकू स्वतः उभ्या राहतात. तुमच्या घरी असं माणूस असेल तर एवढंच ऐका. खुर्ची असो, पलंग असो, पाठ तिरकी ठेवा. जेवण झाल्यावर तासभर तशीच राहू द्या, दारात साहेब आला तरी. आणि ज्याची वस्तू आहे, त्यालाही नाही म्हणा.

काल सुनेने सावकाश भरवलं, तोंड स्वच्छ पुसलं. आजोबांचा डावा हात चादरीवरून सरकत सरकत माझ्या पाठीच्या दांडीपाशी आला. बोटाने दोन टिचक्या मारल्या.

पुढचं वाक्य त्यांना बोलता आलं नाही. मीही कुरकुरले नाही.