मोजणीच्या आधीचे ठोके

मित्रांनो, मला पाहायला आलात ना, मग आधी नीट उभे राहा आणि कुजबुज बंद करा. मी अंडी उबवायची पेटी आहे. जुनी आहे, पण भंगार नाही. मला भंगार म्हणणारे कितीतरी साहेब माझ्यासमोर निवृत्त होऊन गेले. बाहेरून पत्रा, आतून लाकूड, पोटात तापणारी तार आणि दाराला एवढीशी काच. शिक्षण म्हणाल तर माझ्याच काट्यावरचे आकडे तेवढे मला वाचता येतात. पण पोटात काय चाललंय ते कळायला शाळा लागत नाही.

मला घडवलं कोंबडीवाल्यासाठी. त्याने मोठं यंत्र घेतलं आणि मला या प्रयोगशाळेला देऊन टाकलं. खोली लांबट, थंड, खिडकीच्या काचा रंगवलेल्या. समोरच्या फळीवर बरण्या. त्या बरण्यांत पुरती न झालेली पिल्लं. कुणाची पाठ मिटलेली नाही, कुणाचं काळीज छातीबाहेर. झाडणारी बाई रोज फळी पुसताना बरण्या भिंतीकडे फिरवून ठेवी. सकाळी बघावं तर सगळी तोंडं पुन्हा माझ्याकडे.

त्या खोलीत एक शास्त्रज्ञ बाई काम करी. सगळे तिला ‘बाई’ म्हणत. माझ्यापुढे ती पोरच. अंड्याला टाचणीएवढं भोक पाडून ती आत साखरेचं पाणी सोडी, मेणाने भोक बुजवी आणि वर पेन्सिलीने फुली मारी. बाकीच्या अंड्यांत नुसतं मिठाचं पाणी, त्यांवर गोल. आईच्या रक्तात साखर वाढली तर पोटातल्या जिवाचं काळीज बिघडतं का, आणि बिघडतं तर कधी, हे तिला शोधायचं होतं.

हौस म्हणून नव्हे. तिच्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून साखरेचा आजार. तिचं पहिलं बाळ काळजाला भोक घेऊन आलं आणि महिन्याच्या आत गेलं. आता तिला दुसरं हवं होतं. ती यायची, थंडी वाजते म्हणून माझ्या अंगाला पाठ टेकून बसायची.

“ताई, डॉक्टर म्हणतात, दिवस गेल्याचं कळलं की साखर आवरायची. तोवर थोडं वरखाली झालं तर चालेल ना?”

“थांब. माझी अंडी सांगतील.”

“तुझी अंडी बोलेपर्यंत मी म्हातारी होईन. मग सुनेलाच पाठवते चौकशीला.”

त्या हिवाळ्यात अंडी बोलली. फुलीची पिल्लं आणि गोलाची पिल्लं, दोन्ही धडधाकट. विभागाचे सर दारातूनच म्हणाले, “बाई, साखरेवरचा आरोप मागे घ्या. कोंबडीने तुम्हाला खोटं पाडलं.” बाईने बहिणीला फोनवर सांगितलं, “कळल्यावर आवरलीस तरी चालेलसं दिसतंय.”

मला मात्र चैन नव्हतं. नवी अंडी आत आली की सुरुवातीला पोटात सामसूम असते. काळीजच नाही, तर वाजणार काय? पण त्या हिवाळ्यात अंडी आत ठेवल्या ठेवल्या ठोके यायचे. पत्र्यावर नखाने वाजवावं तसे. आणि समोरच्या फळीवरून कुणीतरी ते हळूच मोजत असल्याचा भास व्हायचा.

एका सकाळी नवी अंडी आत ठेवताना बाईच्या हातातलं एक बशीत फुटलं. पिवळ्यावर लाल ठिपका उडत होता. अजून ऊब लागायची होती, तिथे काळीज चालू. उघड्यावर, गार बशीत, ते तिच्याकडे बघत असल्यासारखं उडत राहिलं. बाई पांढरी पडली. मग ती कोठीच्या खोलीत गेली.

थंडीने अंडी गारठू नयेत म्हणून ती त्यांना आधी तिथे, पाणी तापवायच्या बंबावरच्या फळीवर ठेवत असे. मायेनेच. पण तिची दिवसांची मोजणी माझ्या दारापासून, आणि जिवाने मोजणी बंबाच्या उबेतच सुरू केलेली. साखर पोचायची तेव्हा काळीज वळून, जुळून तयार असायचं. वरातीमागून घोडं.

तिने अंडी गार कोपऱ्यात हलवली आणि पुन्हा सगळं केलं. तोवर बहिणीला मात्र बोलली नाही. खात्री होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही या लोकांची शिस्त. शिस्त चांगली, पण पोटातला जीव शिस्तीसाठी खोळंबत नाही. या खेपेला फुलीच्या अंड्यांतून जे निघालं, त्याला बरण्या पुरल्या नाहीत.

त्याच दुपारी बहीण आली. येऊन माझ्याशी टेकली.

“ताई, दिवस गेलेत. दीड महिना झाला असेल, कालच कळलं. तू म्हणालीस तशी आजपासून साखर आवरली बघ. अगं, तोंड तर असं केलंयस, जसं तुलाच ओकाऱ्या होतायत.”

पत्र्यातून मला तिचा ठोका आला. त्याच्या आत दुसरा, बारीक, घाईचा, मध्येच ठेच लागणारा. तसला मी या खेपेच्या फुलीच्या अंड्यांत ऐकला होता. मी समोर पाहिलं. बरण्यांतली तोंडं आज माझ्याकडे नव्हती. तिच्याकडे होती.

“माझी मोजणी चुकली,” बाई म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं.

बहीण माझ्या अंगापासून पाठ सोडवून उभी राहिली. मग म्हणाली, “पहिल्याच्या वेळी कुणालाच काही ठाऊक नव्हतं.”

“या वेळी ठाऊक आहे. काळजाची तपासणी पोटात असतानाच करू. जन्माच्या दिवशी शस्त्रक्रियेचे डॉक्टर दारात उभे असतील. नसले तर मी ओढून आणीन.”

मुलगी झाली. काळजाला भोक होतंच. ते शिवलं. ती जगली, आणि मावशीशी भांडण्याइतकी तिखट निघाली. बाईने पुढची सगळी वर्षं एकच गोष्ट सांगण्यात घालवली: साखर आवरायची ती दिवस जायच्या आधी, गेल्याचं कळल्यावर नव्हे.

तर मित्रांनो, मला रंग नको, हारतुरे नकोत. निगा वेळेवर घ्यावी, एवढंच माझं मागणं. तुम्हाला घेऊन आलेल्या शिक्षिका मघापासून माझ्या अंगाला टेकून उभ्या आहेत. त्यांना अजून काही ठाऊक नाही. ठोका नाही, ठोक्याच्या आधीची सामसूम तेवढी आहे, आणि ती मी ओळखते. काळीज घडायचंय, अजून वेळ आहे. बाहेर पडलात की त्यांना म्हणावं, आजच रक्तातली साखर तपासून घ्या.