बुटाचा पट्टा

लिफ्ट बंद होती, म्हणून टिल्ली आणि तिचे बाबा जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आले, तेही वीस मिनिटं उशिरा.

"माफ करा हं ताई," बाबा म्हणाले. "या बाईसाहेबांचा बूट! दर वळणावर पट्टा सुटतो. बसायचं, लावायचा, काढायचा, परत लावायचा. तोवर आम्ही दारवानासारखे उभे."

"बाबांनीच आणलेत तसले," टिल्ली म्हणाली. वय साडेपाच.

लहान मुलांच्या दम्याच्या तपासणीत माझ्याकडे दोनच कामं आहेत: फुंकर मोजायची आणि प्रश्नावली भरायची. पडद्यावर मेणबत्त्या दिसतात, नळीत जोरात फुंकलं की विझतात. पण यंत्राला एकसारख्या तीन फुंकरी लागतात आणि या वयात नेमकं तेच जमत नाही. टिल्लीने एकदा फुंकलं, एकदा नळी चावली आणि तिसऱ्या वेळी म्हणाली, "राहू दे त्या. छान दिसतायत."

आकडा मिळाला नाही. उरली प्रश्नावली.

प्रश्नावलीचा नियम कडक आहे. प्रश्न छापलाय तसा वाचायचा, समजावायचा नाही, उत्तर सुचवायचं नाही. मला हा नियम मनापासून पटायचा. मोजणाऱ्याने मध्ये लुडबुडू नये.

"गेल्या चार आठवड्यांत, खेळताना दम लागल्यामुळे किती वेळा थांबावं लागलं?"

"एकदाही नाही!" बाबा म्हणाले. "रोज दोन तास अंगणात असते. हो ना गं?"

"मी अंपायर असते," टिल्ली म्हणाली.

"रोज?" माझ्या तोंडून निसटलंच.

"रोज. पायरीवर बसून आउट देते. कुणी ऐकत नाही."

बाबा खो खो हसले. माझं पेन तिथेच थांबलं. जी धावतच नाही, ती दम लागून थांबणार कशी? पण कागदावर त्यासाठी चौकट नव्हती. एकदाही नाही. पूर्ण गुण. मागच्या दोन भेटींतही पूर्ण गुण होते, आणि आमच्याकडे सलग तिसऱ्यांदा ते मिळाले की पंपाचा डोस निम्मा होतो.

मी आत जाऊन डॉक्टर बाईंना अंपायरचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टिल्लीची छाती दोनदा तपासली आणि बाबांना विचारलं, "धावते का हो ही?"

"वाऱ्यासारखी! पण हुकूम सोडायला जास्त आवडतं, आईवर गेलीय." मग त्यांचा आवाज उतरला. "तीन वर्षं झाली, डॉक्टर. एकदा तरी कमी होऊ द्या."

डॉक्टर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "छाती स्वच्छ, गुण पूर्ण. तुझ्याकडे दुसरं काही आहे?"

नव्हतं. त्यांनी डोस निम्मा लिहिला. "तीन महिन्यांनी या. त्रास वाटला तर लगेच."

बाहेर बाबा फाईल आवरत होते. टिल्ली बाकावर पाय हलवत बसली होती. दर वळणावर, मला आठवलं. मी खाली बसून तिच्या बुटाचा व्हेल्क्रोचा पट्टा ओढला. हलेना. चांगला जोर लावला तेव्हा कुठे कर्रकन सुटला.

"बाबा, हा आपोआप सुटणाऱ्यातला नाही. ती दम घ्यायला बसत असेल. डॉक्टरांना पुन्हा एकदा—"

आतून दुसऱ्या बाळाचं रडणं आणि वाफेच्या यंत्राची घरघर येत होती. दार लागलेलं होतं.

"ताई," बाबा शांतपणे म्हणाले, "घरात तिच्यासमोर आम्ही आजार हा शब्दसुद्धा काढत नाही. आज चांगलं ऐकलंय. तेवढं घेऊन जाऊ द्या."

त्यांनी तिचा हात धरला. टिल्लीने पट्टा थापटून लावला आणि मला टाटा केला.

"जपून हं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "जिन्यात सुटेल पट्टा."

"उतरताना नाही सुटत," टिल्ली म्हणाली, आणि दोन दोन पायऱ्या उड्या मारत खाली गेली.