हल्ली झांजा नसतात

“झांजा कुठायत?” कर्णरावांनी विचारलं.

रविवारची सकाळ. लेकीने टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर नवं गाणं लावलं होतं आणि ती मान हलवत चहा पीत होती.

“कसल्या झांजा, बाबा?”

“अगं ड्रमसेटवरच्या. त्या पितळी थाळ्या. खाली नुसतं धप्-धप् चाललंय, वर काहीच नाही. घर बांधलं आणि छप्पर घालायला विसरले.”

“आहेत की! ही बघा, वाजली. ही पण.”

तिचं बोट हवेत जिथे जिथे हललं तिथे कर्णरावांनी मोठ्या मनाने लक्ष दिलं. मग ते कीव आल्यासारखे हसले. “तुमच्या पिढीला इतकं कमी मिळतं ना, की नसलेलंसुद्धा ऐकू यायला लागलंय.”

कर्णराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका कानाच्या दवाखान्यात ते श्रवणचाचणी घेत. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचा, हातात बटण द्यायचं आणि काचेबाहेरून बारीक-मोठे सूर सोडायचे. ऐकू आलं की पेशंटने बटण दाबायचं. कानाशी संबंध म्हणून हे नाव पडलं असं ते स्वतः समजत. दवाखान्यातल्या लोकांचं कारण वेगळं होतं. मतांच्या बाबतीत हा माणूस दानशूर होता. कोणी मागो न मागो, दारी आलेला रिकाम्या हाती परत जात नसे.

ही मतं संगीताबद्दल असत, आणि त्यातही रॉकबद्दल. ज्या गायकाचे केस त्याच्या गाण्यापेक्षा नीट बसलेले असतात, त्याचं ऐकू नये. पॉप म्हणजे बिस्किटं, पुडा संपतो पण जेवण झालंसं वाटत नाही. गिटारचा सोलो व्याह्यांसारखा असावा, आले की आनंद व्हावा आणि वेळेत निघाले की त्याहून व्हावा. ही मतं ते चाचणीच्या आधी पेशंटला ऐकवत. पेशंट बहुतेक कमी ऐकणारे, त्यामुळे वाद असा कधी झालाच नाही.

पण त्यांचं लाडकं मत होतं ते झांजांचं. त्यांच्या तरुणपणी चार जणांचा एक बँड होता. त्यातला दाढीवाला ड्रमर हे त्यांचं दैवत. त्याच्या झांजा कशा, तर भर उन्हात काच फुटावी तशा. अलीकडच्या लोकांनी मात्र खर्च वाचवायला म्हणा की अंगचोरपणाने म्हणा, झांजा वाजवणंच बंद केलं होतं. कर्णरावांच्या मते रॉकचा ऱ्हास तिथे सुरू झाला.

हळूहळू हा ऱ्हास रॉकपुरता राहिला नाही. “दाराची बेल वाजतेय, उघडा की,” असं बायको म्हणाली की ते म्हणत, “बेलांचाही दर्जा घसरलाय.” हल्लीच्या चिमण्या मनापासून ओरडत नाहीत, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं.

त्याच रविवारी लेकीने पुन्हा स्पीकर पुढे ठेवला. “बाबा, एक ऐका. मत हवंय.”

मत हवंय! असं घरात कोणी आजवर म्हटलं नव्हतं. कर्णराव सावरून बसले, डोळे मिटून त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

“हल्लीचंच आहे,” ते म्हणाले. “पोरं मेहनती आहेत, गिटारवाल्याने आमच्या लोकांची नक्कल बरी केलीये. पण ड्रमर? कामचुकार. झांजेला हात लावला नाही पठ्ठ्याने.”

लेकीने स्पीकर बंद केला. बायको हातातलं काम टाकून दाराशी येऊन उभी राहिली होती, म्हणजे दोघींचं आधीच ठरलं होतं.

“बाबा, हा तुमचा दाढीवाला आहे. तेव्हा रेकॉर्डवर न घेतलेलं गाणं, आता सापडलं म्हणून काढलंय. आणि तो यात झांजांशिवाय दुसरं काही करतच नाहीये.”

“टेप खराब झाली असेल.”

“हो ना,” बायको म्हणाली. “बेल खराब झाली, चिमण्या खराब झाल्या, आता टेप. अहो, सगळं जग मिळून एकट्या तुमच्या विरुद्ध कशाला उठेल? तेवढे मोठे आहात का तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी ओसरल्यावर कर्णराव डॉक्टरीणबाईंकडे गेले. “मॅडम, मशीन जरा चेक करायचंय. मी बसतो आत, तुम्ही बाहेरून सूर सोडा.”

“मशीनला काय झालं?”

“काही नाही. पण खात्री केलेली बरी.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्या काचेबाहेरच्या खुर्चीत बसल्या.

कर्णरावांनी आयुष्यात पहिल्यांदा ते जाड दार आतून लावून घेतलं. सुरुवातीचे खालचे, घुमणारे सूर स्पष्ट आले. त्यांनी ऐटीत बटण दाबलं. मग सूर चढत गेले, बारीक होत गेले, आणि एका जागी थांबले. पण कर्णराव कसले थांबतात! सूर किती अंतराने सुटतात ते त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. लबाडी करणाऱ्या पेशंटना ते नेहमी दटावत, “काका, अंदाजपंचे दाहोदरसे नाही चालायचं.” आता त्यांनी स्वतः डोळे मिटले, पायाने ताल धरला आणि बरोब्बर समेवर बटण दाबत राहिले.

खांद्याला हात लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरीणबाई दार उघडून आत आल्या होत्या.

“कर्णराव, मी केव्हाची नुसती बसून आहे. काहीच वाजवत नाहीये.”

“मला वाटलंच,” कर्णराव म्हणाले.

दोघंही हसले. मग डॉक्टरीणबाई हसायच्या थांबल्या, त्यांनी चाचणी पुन्हा नीट घेतली आणि वरचे सूर किती गेलेत ते हळू आवाजात सांगितलं. कर्णरावांना लाज वाटली नाही, भीती वाटली. कानाची नव्हे, कान म्हातारे होतात हे ते रोज दुसऱ्यांना सांगतच होते. भीती ही की एवढी वर्षं जी गाणी त्यांनी मोडीत काढली, ती त्यांनी ऐकलीच नव्हती. मग मतं कोणाची होती? आणि मतं वजा केली तर खाली बाकी काय उरणार होतं?

कानातलं यंत्र आलं, आणि जग एकदम बडबडं झालं. शर्टाची बाही कुरकुरली, वर्तमानपत्र खवळलं, नळाला एवढं बोलायचं असतं हे ते विसरूनच गेले होते. “जरा हळू बोला आता,” बायको म्हणाली, “आम्ही बहिरे नाही.”

लेकीने विजयी मुद्रेने ते सकाळचं गाणं लावलं. कर्णरावांनी पूर्ण ऐकलं.

“आहेत,” ते म्हणाले.

“काय आहेत?”

“झांजा. खूप आहेत.” त्यांनी यंत्र कानात नीट बसवलं. “जरा जास्तच आहेत. स्वयंपाकघरात मांडणी पडल्यासारख्या.”

“बाबा!”

“मत आहे ते माझं. या वेळी ऐकून दिलंय.”

मायलेकी हसत हसत बाजारात गेल्यावर त्यांनी आपल्या लाडक्या बँडची जुनी रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली आणि सुई ठेवली. तीच गाणी, तोच दाढीवाला. झांजा आल्या. मात्र काच फुटल्यासारख्या नव्हत्या, साध्याच होत्या, पितळेच्या. दुसऱ्या कडव्यानंतरची जी मोठी झांज ऐकून ते तरुणपणी घरभर नाचले होते, ती जरा उशिरा पडली.

त्यांना वाटलं, यंत्र फसवतंय. पुन्हा लावलं. पुन्हा उशिराच. गिटारवाला पुढे निघून गेला होता आणि दाढीवाला गाडी सुटलेल्या माणसासारखा मागून धावत आला होता. म्हणजे गेली कित्येक वर्षं ही झांज वेळेवर पडत होती ती फक्त कर्णरावांच्या डोक्यात. कान साथ देईनात तेव्हा त्यांनी आठवणीतून वाजवून घेतली होती, आणि वाजवता वाजवता दाढीवाल्याची चूकही सांभाळून घेतली होती.

त्यांचा हात यंत्राकडे गेला. काढून ठेवलं की सगळं पूर्वीसारखं झालं असतं. झांज समेवर, ड्रमर दैवत, मत शाबूत. बोटं कानाशी थोडी रेंगाळली. मग त्यांना हसू आलं, कारण तेव्हा तो दाढीवाला आज आपली लेक आहे तेवढ्या वयाचासुद्धा नसेल, हे त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी हात खाली घेतला, सुई उचलून परत सुरुवातीला ठेवली, आणि त्या पोराला चुकू दिलं.