नसलेल्या झाडाला वळसा

दातांच्या डॉक्टरांच्या घरात एक नियम होता. नाश्त्याच्या टेबलावर घोड्यांचा विषय काढायचा नाही. नियम बायकोने केला होता आणि डॉक्टर तो रोज, साधारण दुसऱ्या घासाला, मोडत.

माणसाला छंद असावा, याबद्दल कुणाचं दुमत नाही. कुणी नाणी जमवतं, कुणी बासरी शिकून शेजाऱ्यांना छळतं. पण छंदाला जागा कमी पडू लागली की माणूस आधी घर अडवतो, मग अंगण आणि शेवटी रानात हात घालतो. डॉक्टरांचं तसंच झालं. घरामागे त्यांच्या मालकीचं दाट झाडांचं रान होतं आणि त्यात त्यांची एकुलती एक घोडी हिंडायची. घोडी म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. मुलीने लहानपणी तिचं नाव ‘मावशी’ ठेवलं होतं. त्यामुळे खऱ्या मावशीने घरी येणं बंद केलं, तो भाग वेगळा.

“अजून दोन घोडे घ्यायचे तर मोकळं रान हवं,” डॉक्टर म्हणाले. “शिवाय मावशीचा त्रास वाचेल. आंधळ्या जिवाला पावलोपावली झाड आडवं येतं.”

“तिने तक्रार केली का?” बायकोने विचारलं.

“बाबा, तिला सगळी झाडं पाठ आहेत,” मुलगी म्हणाली.

“आता पाठांतराची गरजच उरणार नाही!”

आठवड्याभरात एकशे बारा झाडं जमिनीलगत कापली गेली. खोडं ट्रकमधून गेली, बुंध्यांवर माती ओढली, भोवती पांढरं कुंपण घातलं. दोन तरणे घोडे आले. डॉक्टरांनी कमरेवर हात ठेवून चहूकडे पाहिलं. जागा नुकत्याच बसवलेल्या कवळीसारखी सरळ आणि स्वच्छ दिसत होती.

मग मावशीला आत सोडलं.

ती चार पावलं चालली, थांबली, डावीकडे वळली आणि काहीच नसलेल्या जागेला वळसा घालून पुढे गेली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. उघड्याबोडक्या मैदानात ती दाट झाडीतून जावं तशी, अंग चोरून चालत होती.

“सवय आहे. जाईल,” डॉक्टर म्हणाले.

सवय गेली नाही. उलट आठवड्याने दोन्ही नवे घोडेही तसेच वळसे घालू लागले. त्यांनी तर तिथलं एकही झाड पाहिलं नव्हतं. नंतर एका सकाळी खुद्द डॉक्टर पाण्याची बादली नेताना मध्येच खाली वाकले. का वाकलो, ते त्यांना कळेना. सरळ झाल्यावर आठवलं, इथे एक फांदी होती. वारा पडलेला होता, तरी डोक्यावर काहीतरी सळसळलं. डॉक्टरांनी वर पाहिलं नाही. वर काही दिसलं नसतं, आणि दिसलं असतं तर ते जास्त वाईट.

खरा घोर दुपारचा होता. बारा वाजले की मावशी मैदानाच्या मधोमध, जिथे सगळ्यात मोठं झाड होतं तिथे जाऊन रणरणत्या उन्हात मान खाली घालून उभी राहायची. तासाभराने दोन पावलं सरकायची. आणखी तासाने आणखी दोन.

“बाबा,” मुलगी हळू आवाजात म्हणाली, “ती सावलीबरोबर सरकतेय.”

“कुठल्या सावलीबरोबर?”

मुलीने मावशीच्या डोक्यावरच्या मोकळ्या आभाळाकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांनी पत्र्याची शेड उभारली. मावशीला आत बांधलं, तर तिने धडका मारून खांब वाकवला आणि वैरणीला तोंड लावलं नाही. मधल्या जागेवर कापडाचं छत ताणलं, तर कापड फडफडताच ती बिथरून कुंपणावर आदळली. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

“अशीच उन्हात उभी राहिली तर पंधरा दिवस काढेल. फार तर वीस.”

दुसऱ्या दिवशी बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तिथूनच तिने हाक मारली.

“अहो, वर या. तुमचं रान परत आलंय.”

वरून मैदान नकाशासारखं दिसत होतं. टापांनी तुडवून सगळ्या जमिनीचा भुगा केला होता. फक्त जागोजागी गोल ठिपके कोरे होते. त्यांत एकही टाप पडली नव्हती. डॉक्टरांनी मोजले. एकशे बारा. आणि प्रत्येक गोलात हिरवं काहीतरी वर आलं होतं. गाडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटले होते!

माणूस घाबरला की आपल्या धंद्यातलं शहाणपण बाहेर काढतो. “मूळ आत राहिलं की दुखणं राहतं,” डॉक्टर घाम पुसत म्हणाले. “मुळंच उपटली की सगळे सरळ चालतील.” आणि त्यांनी मुळं उपटणाऱ्या यंत्रवाल्याला फोन लावला.

यंत्र आलं त्याच दिवशी नालबंद काकाही आले होते. चाळीस वर्षं घोड्यांच्या पायांशी बसून नाल ठोकल्यामुळे त्यांना समोरच्याच्या पायांकडे बघून बोलायची सवय लागली होती.

“डॉक्टर, एक विचारू?” ते डॉक्टरांच्या चपलांना म्हणाले. “दात काढण्याआधी तो किडलाय का, ते बघता ना?”

“अर्थात!”

“मग हे एकशे बारा किडले होते?”

डॉक्टर चपलेने माती उकरू लागले.

“बरं, दात काढल्यावर जीभ कुठे जाते?”

“रिकाम्या जागी,” डॉक्टर नकळत बोलून गेले. “सारखी तिथेच जाते. कितीतरी दिवस.”

“ही जनावरं तेच करतायत. तुम्हाला वाटतं, यांना भूत दिसतंय. अहो, भूत केलंत तुम्ही. ती बिचारी नुसती ओळख ठेवून आहेत.”

“पण काका, घोड्याला मोकळी जागा लागते! सगळेच म्हणतात.”

“सगळे म्हणजे कोण? घोडे?” काका हसले. “घोड्याला चालायला वाट लागते, उभं राहायला सावली लागते. मोकळी जागा तुम्हाला लागते, पाहुण्यांना दाखवायला.”

यंत्र धूर सोडत मधल्या जागेकडे सरकलं. बारा वाजत आले होते. मावशी आपल्या वेळेला आली आणि यंत्राच्या पुढ्यात उभी राहिली. यंत्रवाल्याने भोंगा वाजवला. तिचं सगळं अंग थरथरलं, पण ती हलली नाही. मुलगी कुंपण ओलांडून धावत गेली आणि तिच्याशेजारी उभी राहिली.

“बाबा,” ती ओरडली, “इथे फार ऊन आहे!”

डॉक्टर धावले. झाडं गेल्यापासून भर दुपारी त्या जागेवर ते पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते. ऊन डोक्यात हातोड्यासारखं बसलं. त्यांनी मावशीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तव्यावरून काढावा तसा झटकन मागे घेतला. हिला आपण इथे रोज चार तास उभं केलं!

“बंद करा! बंद करा ते यंत्र!”

“मग मला बोलावलंत कशाला?” यंत्रवाला ओरडला.

“चूक करायला!” डॉक्टर म्हणाले. “ती करून झालीय!”

त्याच दिवशी नव्या घोड्यांना पुढच्या अंगणात हलवलं आणि प्रत्येक धुमाऱ्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं. पण धुमारे वाढेपर्यंत मावशीने काय करायचं? दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या दारावर पाटी लागली: ‘दुपारी बारा ते चार बंद. डॉक्टर झाड आहेत.’ बायको म्हणाली, निदान ‘झाडापाशी’ तरी लिहा. डॉक्टर म्हणाले, झाड असतं तर गोष्ट वेगळी होती.

ते मैदानाच्या मधोमध भली मोठी काळी छत्री धरून उभे राहिले. मावशी आली. तिने हुंगलं. छत्रीखाली आली आणि थबकली. मग तिने मान डॉक्टरांच्या पाठीला टेकवून खसाखसा घासली. डॉक्टरांचे पाय लटपटले, हात बधिर झाला, नाकावर माशी बसली. ते हलले नाहीत. तासाभराने ती दोन पावलं सरकली. तेही सरकले.

विसाव्या दिवशी जनावरांचे डॉक्टर चेहरा पाडून आले. मावशी वैरण खात होती.

आता डॉक्टर प्रत्येक पेशंटला आधी तोंड उघडायला लावतात आणि मग आपलं म्हणणं सांगतात, म्हणजे उलट उत्तर येत नाही. तेच तुम्हालाही सांगतो, वाचकहो. घोडे पाळा, घर बांधा, रस्ता करा, पण जागा मोकळी करण्याआधी एक दुपार तिथे उभे राहा आणि ती कुणाकुणाला पाठ आहे, ते बघा. एकशे बारा झाडं तोडायला आठवडा लागतो आणि एक झाड व्हायला माणसाचा हात फार लवकर दुखतो. शिवाय एक गोष्ट डॉक्टर पेशंटलासुद्धा सांगत नाहीत, फक्त बायकोला सांगितली आहे. सगळी झाडं तोडा असा हुकूम त्यांनी दिला, तेव्हा भर दुपार होती, आणि ऊन लागू नये म्हणून ते त्याच मोठ्या झाडाच्या सावलीत उभे होते.