बदलांच्या यादीतलं नाव

मी चॅटचा प्रोग्राम बोलतोय. तुम्ही मला उघडता, 'पोचलास का?' विचारता आणि बंद करता. मी बिघडलो तरच तुम्हाला आठवतो, तोही शिव्या द्यायला.

मला लिहिलं दूरच्या कुणीतरी. वाढवलं मात्र चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या एका माणसानं. तुमच्या संगणकातल्या लिनक्स या फुकट प्रणालीवर माझ्यासारखे हजारो प्रोग्राम पॅकेज होऊन येतात आणि बहुतेकांमागे कुणीतरी फुकट राबत असतो. मूळ लेखकानं नवी आवृत्ती काढली की माझा हा भिंगवाला ती आणायचा, तपासायचा, भोकं बुजवायचा आणि तुमच्याकडे धाडायचा. सोबत बदलांच्या यादीत दोन ओळी, खाली स्वतःचं नाव. 'अक्षरं मोठी केली. घरून तक्रार होती.' घर म्हणजे बायको, शाळेत शिकवणारी. चाचणीचा पहिला मेसेज तिलाच जायचा: 'अहो मुख्याध्यापिका, दिसतंय का?' ती आतून ओरडायची, "दिसतंय! आता उठा आणि भाजी निवडा."

मग तो वारला. मी चार पॉइंट दोन या आवृत्तीवर थांबलो.

तुम्ही नाही थांबलात. तक्रारींच्या पानावर रोज नवी ओळ. 'झोपलाय का?' 'फुकटचं म्हणून काय झालं?' एकानं लिहिलं, 'सांभाळणारा मेला की काय?' एक्केचाळीस जणांनी त्याला अंगठा दिला. नवऱ्याचे मेल बघायला बसलेल्या बाईंनी ते वाचलं आणि खाली लिहिलं, 'हो. पाच महिने झाले.'

तिसऱ्या दिवशी: 'ऐकून वाईट वाटलं. पण नवी आवृत्ती कधी?'

शेवटी मला एका नव्या माणसानं ताब्यात घेतलं. त्याला सगळे कात्री म्हणतात. माझ्यात तेव्हा मोठं भोक निघालं होतं: कुणीही कुणाच्याही नावानं मेसेज पाठवू शकत होतं. त्यानं ते दोन दिवसांत बुजवलं. कामाला वाघ आहे, मान्य. पण नव्या आवृत्तीत यादीतल्या जुन्या नोंदी छाटून टाकल्या. बाईंनी त्याला फोन लावला.

"नियम आहे, ताई. जुन्या नोंदी जागा खातात."

"किती?"

"असेल चार-पाच केबी."

"एका फोटोच्या नखाएवढीसुद्धा नाही!"

"इंटरनेटवर जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात आहेत की. नाहीतर वहीत उतरवून घ्या."

"वही माझ्या एकटीच्या घरात राहील. ती यादी हजारो घरांत होती. आणि संग्रह म्हणे! नवरा गोदामात ठेवू का?"

फोन आपटला. सगळ्यांच्या संगणकांवर नवा प्रोग्राम गेला, बाईंच्या संगणकावर मी जुनाच राहिलो. भोकासकट. 'अपडेट करा' असं रोज पडद्यावर यायचं आणि त्या रोज 'नंतर' दाबायच्या.

एका दुपारी मेसेज आला. नाव नवऱ्याचं, फोटो नवऱ्याचा. 'कशी आहेस? खालची लिंक उघड, महत्त्वाचं आहे.' तो मीच त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. कुणीही काहीही दिलं तरी मी पोचवतो. माझ्यात दुसरं काही नाहीच.

बाईंचा हात माउसवर गेला. बाण लिंकवर येऊन थांबला. मग त्यांनी टाइप केलं, 'कोण?'

'प्रिये, मीच. लवकर उघड.'

"प्रिये?" रिकाम्या खोलीत बाई मोठ्यानं म्हणाल्या. "ह्यांना असलं सुचलं असतं तर!" हसल्या, चष्मा काढून पुसला, तो परत लावला आणि म्हणाल्या, "मेल्या, तुला ह्यांचं नाव वापरू देणार नाही मी." आणि 'अपडेट करा' दाबलं.

आता माझी एकेक फाइल पुसली जातेय. त्याचं नाव असलेली यादी अजून पुसायचीय. तुमचा निरोप घ्यावा असं आपलं काही नातं नव्हतं. एक्केचाळीस अंगठे तेवढे माझ्या लक्षात आहेत. बाईंचा मात्र निरोप घेतो. बाई, तुम्ही उठून आत जा. हे बघत बसू नका.

त्या उठत नाहीत.