मद्रासचा आवाज

कस्तुरा कांबळे पिंपरीला पंपांच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. तिचा बोर्ड ऑफिसच्या जिन्याखालच्या खोलीत होता. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात कंपनीने त्या बोर्डाला एक नवी पेटी जोडली. मुंबईचे मोठे साहेब, मद्रास आणि कलकत्त्याचे मॅनेजर आणि पिंपरीचे वर्क्स मॅनेजर अर्जुनराव यांनी आपापल्या खुर्चीत बसून एकाच वेळी बोलायचं, यासाठी ती होती. मुंबईहून आलेला इंजिनिअर शिकवून गेला, "एकेका गावाचा ट्रंक कॉल लावा, धरून ठेवा. सगळे आले की या चाव्या, म्हणजे हे खटके, खाली करा. आणि बाई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

सांगायला सोपं होतं. कलकत्ता लागेपर्यंत मुंबईवाले कंटाळून फोन ठेवायचे. मुंबई परत लावावी तोवर मद्रास तुटायचं. सगळे एकदाचे जोडले गेले की आवाज वाटला जायचा, आणि मद्रासच्या वाट्याला सगळ्यात कमी यायचा. मद्रासची चावी एकटी वर उचलली की कस्तुराला साहेबांचं बोलणं स्पष्ट ऐकू येई. खाली केली की ते डासासारखं गुणगुणे.

या पेटीने तिची झोप उडवली होती. भांडं पडलं तरी ती दचके. घरी आई, सोजरबाई, म्हणायची, "जेवताना तरी कान ताटाशी ठेव गं!" धाकटा भाऊ भीमराज त्याच कारखान्यात रंगखात्यात होता. तो हसायचा. "ताई, तू झोपेत मद्रासला हॅलो म्हणतेस."

त्या दिवशी बोलणं तापलं होतं. परदेशी जायचे पंप रंगाविना पडून होते आणि जहाज थांबणार नव्हतं. रुपेरी रंगाचे नवे ड्रम आदल्या दिवशीच आले होते.

"दुसऱ्या शिफ्टला रंगकाम सुरू झालंच पाहिजे," मुंबईचे साहेब म्हणाले.

"होईल, सर," अर्जुनराव म्हणाले.

मागे कुठेतरी मद्रास गुणगुणलं. कुणी लक्ष दिलं नाही. ते पुन्हा गुणगुणलं, घाईघाईने. कस्तुराने चावी उचलली.

मद्रासचे साहेब अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या हिंदीत ओरडत होते. रंगाच्या त्याच कारखानदाराचे ड्रम त्यांच्याकडेही आले होते. आत पाणी गेल्याने गॅस साठला होता. सकाळी एक उघडताना झाकण उडालं, भडका झाला, माणसाचा चेहरा भाजला. "खोलना मत! उनको बोलो, खोलना मत!"

तिने चावी खाली केली. पुन्हा गुणगुण.

"मद्रासला काय म्हणायचंय ते तारेने कळवा," मुंबईचे साहेब वैतागले.

"साहेब, मी बोर्डवरून बोलते. मद्रासचे साहेब म्हणतात, ते ड्रम..."

"ऑपरेटर, लाईन सोडा," मुंबईचे साहेब म्हणाले.

"सर, तिथे अपघात..."

"लाईन सोडा म्हटलं ना!"

बोलणं जहाजाच्या भाड्यावर गेलं. तेवढ्यात दुसऱ्या शिफ्टचा भोंगा झाला. भीमराज दुसऱ्या शिफ्टला होता.

तिने आतल्या फोनची दोरी घेऊन रंगखात्याच्या भोकात खुपसली. फोरमन ज्योतीराम चाकणकडचे होते, आवाज कायम चढा.

"ज्योतीरामभाऊ, नवे ड्रम उघडू नका."

"कोण म्हनतंय? अर्जुनराव सायेब?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. शब्द ओठांवर आला होता. "नाही. मद्रासचे साहेब."

"मद्रासचा सायेब हितं कशाला हुकूम देतोय? माझ्या मागं पंपांची घाई हाय, बाई."

"नुसतं जाऊन बघा. झाकणं फुगलीत का एवढंच बघा. पाया पडते तुमच्या."

त्यांनी रिसीव्हर टेबलावर टाकला. त्यातून तिला सगळं खातं ऐकू येत होतं. पंखे, ट्रॉलीची चाकं, आणि लोखंडावर छिन्नीचे ठोके. एक ठोका, मग दुसरा. तिने डोळे मिटले. ज्योतीराम कुणावर तरी जोरात ओरडले आणि ठोके थांबले.

"फुगल्यात," ते परत येऊन म्हणाले. आवाज उतरला होता. "तव्यावरच्या भाकरीवानी. पर सायेब मला बोलले तर?"

"माझं नाव सांगा."

ती तेवढ्यावर थांबली नाही. तिने मुंबईची चावी वर केली, कलकत्त्याचीही केली, आणि अर्जुनरावांना एकट्या मद्रासशी जोडून दिलं. बोर्डावर मुंबईचा दिवा रागाने उघडझाप करू लागला. तिने तिकडे पाहिलं नाही. थोड्याच वेळात डोक्यावरचा जिना धडधडला. अर्जुनराव पळत रंगखात्याकडे निघाले होते.

ड्रम मैदानात नेऊन ठेवले. पुढे रंगाच्या कारखानदाराचा माणूस आला. त्याने आडोशाला उभं राहून लांब पहारीने एकाचं झाकण सैल केलं, तर ते शेडच्या पत्र्यांपेक्षा उंच उडालं. भीमराज घरी ते हातवारे करून सांगत होता. "छिन्नी माझ्याच हातात होती, ताई," म्हणाला आणि ताटावरून उठला.

जहाज पंपांविना गेलं. हेड ऑफिसची लाईन तोडल्याबद्दल मुंबईहून मेमो आला. तो द्यायला अर्जुनराव स्वतः जिन्याखाली आले, वाकून, कारण तिथे छत खाली होतं.

"सही करावी लागेल, कस्तुराबाई. मी सांगून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही."

तिने सही केली. राग आला होता, पण नुसत्या रागाने पेटी सुधारणार नव्हती. "साहेब, एक मागू? बोलणं सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येक गावाला विचारणार, ऐकू येतंय का. ज्याचा आवाज पोचत नसेल त्याचं बोलणं मी बाकीच्यांना सांगणार."

अर्जुनराव जरा घुटमळले. "मुंबईला आवडणार नाही."

"तुम्हाला चालेल का, ते सांगा."

"विचारा," ते म्हणाले. "मी सांभाळून घेईन."

पुढच्या खेपेला मद्रास लवकर लागलं, कलकत्ता लागेना. लाईन रिकामी होती. कस्तुराने हळूच विचारलं, "सर, वो आदमी कैसा है?"

"एक आँख बच गया," मद्रासचे साहेब म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "इधर तुम्हारा कौन था, उस डिपार्टमेंट में?"

"भाई."

लाईनवर नुसती खरखर होती. तेवढ्यात कलकत्त्याचा दिवा लागला. कस्तुरा सावरून बसली आणि एकेक चावी खाली करत विचारू लागली, "कलकत्ता, सुनाई देता है?"