पुढच्या चाकांतली हवा

घरात तिला बेबी म्हणत. वय एकेचाळीस, दोन मुलांची आई, दातांचा स्वतःचा दवाखाना, हाताखाली तीन माणसं. तरी थोरल्या भावाच्या तोंडी ती बेबीच होती, आणि त्याच्यामुळे शर्यतीच्या ट्रॅकवरच्या बऱ्याच जणांच्या तोंडी. त्यावरून ती कधी चिडली नव्हती. चिडायला त्याहून मोठं कारण तिला त्या दुपारी मिळालं, गॅरेजच्या फरशीवर गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसलेली असताना.

गाडी दोघांची होती. निम्मी त्याची, निम्मी तिची. बसकी, रुंद, इंजिन सीटच्या मागे, ताकद पाचशे घोड्यांची. महिन्यातून एकदा दोघं ती घेऊन ट्रॅकवर यायचे. सकाळच्या फेऱ्या दादाच्या, दुपारच्या तिच्या. तेलपाणी, ब्रेक, चाकांतली हवा हे सगळं दादा बघायचा. “तू फक्त चालव, बेबी. बाकीचं माझ्यावर सोड,” असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता आणि तिनं ते सोडलं होतं.

आज मात्र चाचणी होती, मोसमातली शेवटची. दोन मिनिटं पाच सेकंदांच्या आत एक फेरी मारून दाखवील त्यालाच पुढच्या महिन्यातल्या चार तासांच्या शर्यतीत उतरता येणार होतं. एका गाडीला दोन चालक. दादाची वेळ केव्हाच बसली होती. दुसरी जागा तिची, पण वेळ बसली तर.

वर्षभर तिची वेळ बसत नव्हती. दोन-दहाच्या खाली घड्याळ यायलाच तयार नव्हतं. वळणावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडीचं नाक सरळच जायला बघायचं. मग वेग कमी करा, नाक वळायची वाट बघा, आणि तोवर मागची गाडी आरशात मावेनाशी व्हायची. “हात जड आहेत तुझे,” दादा सगळ्यांदेखत सांगायचा. “दाढ उपटल्यासारखं स्टिअरिंग ओढतेस. गाडीला भूल दिलेली नसते, बाई!” लोक हसायचे. तीही हसायची. दवाखान्यात मात्र पेशंटला भूल चढेपर्यंत ती खुर्चीमागे उभी राहून हवेत दोन्ही हात फिरवायची. हलके हात. हलके हात. एकदा एका म्हाताऱ्यानं आरशात ते पाहिलं आणि दाढ न काढताच तो उठून गेला.

तर चाचणी म्हणून त्या दिवशी तिनं हवा मोजायचं गेज स्वतःचं आणलं होतं. विश्वास नव्हता असं नाही. परीक्षेला जाताना आपण पेन दोनदा तपासतो, तेवढंच. दादाच्या फेऱ्या होऊन दोन तास झाले होते, चाकं पार गार झाली होती. तिनं मागची मोजली. अठ्ठावीस पौंड. दुसरं, अठ्ठावीस. पुढचं मोजलं. छत्तीस. गेज बिघडलं असेल म्हणून तिनं हवा भरणाऱ्या टायरवाल्याच्या टेबलावरचं उचललं. छत्तीसच.

ती ताडकन उठली.

“अहो, हे काय करून ठेवलंय? मागे अठ्ठावीस आणि पुढे छत्तीस? झोपेत भरता का हवा? नेमका आजचा दिवस मिळाला तुम्हाला!”

टायरवाला हातातला पाना ठेवून वळला. माणूस गरीब नव्हता, घाबरणाराही नव्हता. त्यालाही राग आला.

“ओरडू नका, ताई. आजचं नाहीये ते. दादा चालवतात तेव्हा चारी चाकांत अठ्ठावीस. तुम्ही जायच्या आधी पुढे छत्तीस. त्यांनीच सांगून ठेवलंय. मला वाटलं, तुमचीच तशी आवड.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

तिनं त्याचं गेज टेबलावर परत ठेवलं. एवढी गोष्ट तिलाही माहीत होती, वाचून आणि ऐकून. फेऱ्या मारताना चाक तापतं, आतली हवा फुगते, दाब चार-पाच पौंडांनी चढतो. म्हणून गार चाकात हवा बेतानं ठेवतात. आधीच जास्त भरलेलं चाक तापलं की फुग्यासारखं मधोमध फुगतं, रस्त्याला त्याची बारीकशी पट्टी टेकते आणि पकड जाते. पुढची पकड गेली की स्टिअरिंग कितीही वळवा, गाडी आपली सरळ. म्हणजे वर्षभर ती ज्याच्याशी झगडत होती, ते तिच्या हातांत नव्हतंच. ते चाकात भरलेलं होतं.

दादा कँटीनमध्ये होता. त्याचा धंदा लिफ्ट बसवण्याचा, आवाज मोठा. फोनवरचं बोलणं दारापर्यंत ऐकू येत होतं.

“अहो साडूभाऊ, तुमची वेळ तर बसलेलीच आहे, तयारीतच राहा. पुढच्या महिन्यात तुम्ही आणि मी. नाही हो, तिचं काय होतंय! हौस म्हणून चालवते ती.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं फोन घाईघाईनं ठेवला.

“पुढच्या चाकांत छत्तीस कोणी भरायला सांगितले?”

दादानं आधी चहाचा घोट घेतला. खोटं बोलायचं की नाही, हे ठरवायला त्याला तेवढाच वेळ लागला.

“मी,” तो म्हणाला. “बस जरा. नीट ऐक. मागची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि भिंतीवर जाते. पुढची सुटली तर नुसती सरळ जाते, वाळूत जाऊन थांबते. माणसाला खरचटत नाही. दोन पोरांची आई आहेस तू.”

“आणि तू दोन पोरांचा बाप नाहीस?”

“माझं वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे?”

“अगं, मला जमतं!”

“मलाही जमलं असतं! तू जमू दिलंस का? मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

“म्हणून नाही सांगितलंस. वा! वर्षभर हात जड म्हणालास मला. चारचौघांत. माझ्याच गाडीत.”

“ते जरा आहेतच,” दादा म्हणाला.

शेजारच्या टेबलावर कोणीतरी चमचा खाली ठेवला. तिच्या ओठांवर एक कडक शिवी आली होती, ती तिनं गिळली. राग आला म्हणून हात थरथरले तर आज परवडणार नव्हतं.

“लिफ्ट नाहीये ही, दादा,” ती म्हणाली. “दार लावलं, बटण दाबलं आणि माणूस तुला हवं तिथं पोचवला.”

ती गॅरेजमध्ये परत आली. टायरवाल्यानं तिला पाहिलं, गेज तिच्या हातात दिलं आणि बाजूला झाला. तिनं स्वतः पुढच्या चाकांची टोपणं काढली, पिन दाबली. हवा फुसफुसत बाहेर पडत राहिली. आठ पौंड हवा जायला वाटतो त्याहून वेळ लागतो. तेवढ्या वेळात तिला दोन-दहाची एकेक फेरी आठवली.

पहिली फेरी चाकं तापवण्याची. दुसरीला तिनं जोर लावला आणि तिसऱ्या वळणावर नेहमीसारखं स्टिअरिंग वळवलं, म्हणजे भरपूर आणि लवकर, कारण नाक ऐकत नाही हे हातांना पाठ होतं. आज नाकानं ऐकलं. गाडी आत झेपावली, आतल्या कडेच्या रंगीत दगडांवर आदळली, मागची बाजू सुटली आणि आकाश, भिंत, गवत, पुन्हा भिंत असं सगळं तिच्या काचेसमोरून गेलं. गाडी गवतात उलट्या तोंडानं थांबली. कशाला धक्का लागला नव्हता.

तिनं हेल्मेटच्या आत किंचाळून घेतलं. भीतीनं नव्हे. तिला कळलं होतं की दादानं नुसती वेळ चोरलेली नाही. वर्षभरात तिचे हात जे शिकले होते, ते सगळं एका खोट्या गाडीला धरून शिकले होते. आता ते विसरायचं होतं आणि त्यासाठी चार फेऱ्या उरल्या होत्या.

भिंतीपलीकडे दादा उभा असणार, हात पसरून, बघा म्हटलं होतं ना, असा. तिनं गियर टाकला.

तिसऱ्या फेरीला ती मुद्दाम सावकाश गेली. अर्धंच वळवायचं, बोटांनी. गाडी वळली. चौथ्या फेरीला तिनं ब्रेक उशिरा दाबला, तरी वळली. पाचव्या फेरीला लांब उजव्या वळणात स्टिअरिंग इतकं हलकं लागलं की तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं झालं. मग तिनं स्वतःलाच दरडावलं, रड घरी जाऊन. शेवटच्या फेरीत चाकं तापून मऊ झाली होती, मागची बाजू दोनदा हलली, दोन्ही वेळा हातांनी तिला न विचारता सावरली. झेंडा पडला.

ती गाडीतून उतरली तेव्हा मास्तर भिंतीपाशी होते. मास्तर म्हणजे ट्रॅकचे मुख्य प्रशिक्षक. चाचणीचा निकाल त्यांच्या तोंडून लागायचा. हातातल्या घड्याळावरचा आकडा त्यांनी दोनदा पाहिला.

“दोन मिनिटं, पाच पूर्णांक चार,” ते म्हणाले. “हुकलं, डॉक्टर. थोडक्यात हुकलं.”

तिनं मान हलवली. तेवढ्यात तिची नजर दादाकडे गेली आणि त्याच्या चेहऱ्यावर तिला जे दिसलं, ते भिंत, गवत आणि वर्षभराची थट्टा या सगळ्याहून जास्त लागलं. त्याला हायसं वाटलं होतं.

“पण नेहमीपेक्षा पाच सेकंद खाली!” मास्तर म्हणाले. “एका दिवसात? इतके दिवस काय करत होता तुम्ही?”

हे उत्तर तिचं नव्हतं. ती दादाकडे बघत राहिली. त्याला बोलायला पुरेसा वेळ मिळाला. एक गाडी समोरून गेली, तिचा आवाज विरला.

“होतं एखाद्या दिवशी,” दादा म्हणाला. “नशीब लागतं.”

“मास्तर,” ती म्हणाली, “हा माझ्या फेऱ्यांआधी पुढच्या चाकांत आठ पौंड जास्त हवा भरायला लावत होता. वर्षभर. मला न सांगता. आज मला कळलं, म्हणून मी सोडली.”

मास्तरांनी दादाकडे पाहिलं. “खरं?”

“काळजीपोटी केलं हो, मास्तर. बहीण आहे.”

“तिला सांगितलं होतंस का, एवढंच विचारतोय.”

मास्तरांसमोर उभ्या पोरानं पायातली चप्पल बघावी तसा दादा आपले शर्यतीचे बूट बघू लागला.

“चालवणाऱ्याला माहीत नाही, अशी हवा माझ्या ट्रॅकवर कोणी भरत नाही,” मास्तर म्हणाले. “तुझ्याशी मी नंतर बोलतो. पण डॉक्टर, वेळ ती वेळ. ती मी बदलणार नाही.”

“बदलू नका,” ती म्हणाली. “मी मागितलेलीच नाही. पुढची चाचणी कधी?”

“शर्यत झाल्यावर. नव्या मोसमात.”

“मी येईन.” मग ती दादाकडे वळली. “आणि शर्यतीला माझी निम्मी गाडी येणार नाही.”

“वेडी आहेस का? साडूला शब्द दिलाय मी! आणि निम्मी म्हणजे कुठली निम्मी?”

“पुढची.”

मास्तर खोकल्याचं निमित्त करून निघून गेले. दादा तिच्यामागे गॅरेजपर्यंत आला. बाबा असते तर काय म्हणाले असते, वहिनीला काय वाटेल, एवढ्याशा गोष्टीचा किती बाऊ, मी लहानपणी तुझ्या सायकलला धरून धावलो होतो: सगळा पाढा त्यानं वाचला. शेवटच्या वाक्याला ती थांबली.

“धावलास,” ती म्हणाली. “पण तेव्हा तू सोडलंस, दादा.”

दादा गॅरेजच्या दाराशीच थांबला.

टायरवाला गाडीशी उभा होता. “मघाशी तुमच्यावर ओरडले,” ती त्याला म्हणाली. “चूक झाली माझी.”

“झालीच,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी मीही विचारीन, ताई. कोणी काही सांगितलं तरी चालवणाऱ्यालाच विचारीन.” मग त्यानं चाकाला हात लावून पाहिला. “चाकं निवली की खूप कमी होईल हवा. रस्त्यानं जाणार तर भरून घ्या.”

“नळी द्या. मी भरते. एकटीच जाणार आहे.”

“अगं, पण मी घरी कसा जाऊ?” मागून दादानं विचारलं. “बेबी! मी तुझ्याशी बोलतोय!”

ती पुढच्या डाव्या चाकाशी बसली होती. कॉम्प्रेसर सुरू झाला होता आणि तिची नजर गेजच्या काट्यावर होती.